रायफल चांगली कोणती?

श्रोतेहो, कोकणात काय किंवा घाटावर काय, ज्या गावचा एकही माणूस पलटणीत गेला नाही असं गाव सापडणं कठीण. तो सुटीवर घरी आला की देवळाच्या ओट्यावर मंडळी जमतात. पीकपाण्याची विचारपूस झाली की कुणीतरी हटकून विचारतोच, "काय रे, आपली रायफल चांगली, का त्या पलीकडच्यांची?" हल्ली शाळेतली मुलंही गुरुजींना हेच विचारतात. वर्तमानपत्रात नव्या रायफलीचं चित्र येतं, गोळी किती दूर जाते, मिनिटाला किती सुटतात याचे आकडे येतात, आणि ज्या रायफलीचे आकडे मोठे ती चांगली, असा हिशेब मुलं करून टाकतात.

हा हिशेब अपुरा आहे. आपल्याकडच्या पलटणींच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या काही हकीकती पाहिल्या तर तो कुठे अपुरा पडतो ते ध्यानात येईल.

भिवंडीच्या मंडळींना मी हे मागाच्या भाषेत सांगतो. ज्यांनी धोट्याचा साधा माग चालवला आहे त्यांना ठाऊक आहे, माग कितीही भारी असो, कांडी धोट्यात घट्ट बसली नाही तर बाण्याचं सूत तुटतं आणि माग उभा राहतो. कारखान्यात दोन मापांचे धोटे असले तर कांड्याही दोन मापांच्या ठेवाव्या लागतात. एकाच्या कांड्या दुसऱ्याच्या टोपलीत गेल्या की आरडाओरडा सुरू! रायफलीचंही तसंच आहे. तिथे कांडीच्या जागी काडतूस, आणि काडतुसं ज्यात भरायची ती पेटी म्हणजे मॅगझिन.

मॅगझिन वरून पाहिलं तर साधी वस्तू. पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकची पेटी, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी आणि पट्टीवर एकावर एक रचलेली काडतुसं. पेटीच्या तोंडाशी दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना ओठ म्हणतात. स्प्रिंग काडतुसं वर रेटते, ओठ त्यांना अडवतात, आणि रायफलीचा खटका पुढे येताना वरचं एक काडतूस ओठांखालून सरकवून नळीत घालतो. हे ओठ थोडे फाकले तर काडतूस तिरकं होऊन अडकतं, थोडे मिटले तर बाहेरच येत नाही. शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक गंमत सांगतो. मॅगझिन हा शब्द मूळचा अरबी, अर्थ कोठार. दारूगोळ्याच्या कोठारालाही मॅगझिन म्हणत, आणि लेख-गोष्टींचं कोठार म्हणून मासिकालाही इंग्रजीत तेच नाव मिळालं.

आता मागे जाऊ. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा बंदुका तोड्याच्या होत्या. प्रत्येक बंदूक कारागिराच्या हातची, त्यामुळे दोन नळ्यांचं माप सारखं नसे. बंदुकीबरोबर गोळ्या ओतायचा साचा असे, आणि ज्याने त्याने आपल्या नळीच्या मापाच्या गोळ्या ओतून घ्याव्यात अशी रीत होती. शेजारचा गडी पडला तर त्याच्या थैलीतल्या गोळ्या तुमच्या कामाला येतील याचा भरवसा नाही. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्याला तोफा-बंदुकांचा कारखाना घातला, त्यात हाही एक हेतू होता. सगळ्या पलटणीची बंदूक एका मापाची हवी. कवायतीचं आपण ऐकतो, मापाचं फारसं कुणी सांगत नाही.

१८५७ ची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण ती रायफलीच्या अंगाने पाहण्यासारखी आहे. कंपनी सरकारने १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आणली. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे धड लागत नसे. या नव्या रायफलीच्या नळीत आटे होते आणि ती त्याच्या कितीतरी पट लांबवर अचूक मारा करी. गुण पाहिले तर जुन्या बंदुकीशी तुलनाच नाही! पण तिचं काडतूस कागदी, तुपकट चरबी लावलेलं, आणि ते दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. चरबी गाईची आणि डुकराची अशी बोलवा झाली, आणि पुढे काय झालं ते आपण जाणता. २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उठला. ३१ जुलैला कोल्हापुरात मुंबई इलाख्याची २७ वी पलटण उठली. उठावाला कारणं पुष्कळ होती, एकट्या काडतुसावर ते ढकलता येणार नाही. पण सगळ्यांत चांगली रायफल हातात देऊनही शिपाई ती भरायला तयार नाही, असा प्रसंग सरकारवर आला तो काडतुसामुळेच.

त्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातले पुष्कळ विणकर आपली गावं सोडून दक्षिणेकडे आले. त्यांतले काही मालेगावला राहिले, काही आपल्या भिवंडीला. भिवंडीच्या मागांचा आवाज आणि ते काडतूस यांचं असं दूरचं नातं आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक गोष्ट मनात पक्की धरली. हिंदी शिपायाच्या हातचं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्याराच्या एक पिढी मागे असावं. गोऱ्या पलटणीला नवं मिळालं की त्यांचं जुनं हिंदी पलटणीला. राज्य राखायला ही युक्ती सोयीची असेल, पण रणांगणावर तिची किंमत मोजावी लागली, आणि ती मुंबई इलाख्याच्या शिपायांनी मोजली. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंद येथे लढाई झाली. जनरल बरोजच्या ब्रिगेडमध्ये तीन पायदळ पलटणी होत्या. त्यांतल्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री रायफल, आणि मुंबईच्या १ ल्या ग्रेनेडियर व ३० व्या जेकब रायफल्स या दोन हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर. स्नायडर म्हणजे तीच एनफील्ड, मागून उघडता येईल अशी केलेली, ०.५७७ इंच तोंडाची. मार्टिनीचं तोंड ०.४५० इंच. एकाचं काडतूस दुसऱ्यात जायचं नाही. म्हणजे एका ओळीत उभ्या असलेल्या तीन पलटणींना दोन तऱ्हेचा दारूगोळा, आणि एकीचा संपला तर दुसरीच्या पेट्या शेजारी असून नसल्यासारख्या. त्या दिवशी साडेनऊशेहून अधिक माणसं कामी आली. पराभवाचं कारण एवढंच नव्हे. अयुबखानाचं सैन्य कितीतरी मोठं, तोफा अधिक, ऊन आणि तहान भयंकर. पण ब्रिगेडमधल्या दोन हिंदी पलटणींचा मारा मुळातच आखूड पल्ल्याचा होता, आणि तो तसा ठेवण्यात आला होता, हे विसरता येत नाही.

मार्टिनीतही दोष होता, आणि तोही काडतुसाचाच. तिच्या काडतुसाचं कवच पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवलेलं असे. नळी तापली की ते चिकटून बसे आणि बाहेर काढायला शिपायाची धांदल उडे. पुढे एकसंध पितळी कवच आलं तेव्हा तीच रायफल नीट चालू लागली.

आता येते आपल्या सर्वांच्या ओळखीची थ्री नॉट थ्री. ०.३०३ इंच तोंडाची ही रायफल १८८८ साली ली-मेटफोर्ड या नावाने निघाली, १८९५ मध्ये ली-एनफील्ड झाली, आणि १९०७ च्या नमुन्यापासून आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिच्या पोटाखाली मॅगझिन आलं, आधी ८ काडतुसांचं, मग १० चं. साहेबांना मात्र या मॅगझिनची धास्ती वाटे. शिपाई भराभर गोळ्या उडवून टाकील, खर्च वाढेल! म्हणून मॅगझिनच्या तोंडावर एक सरकती पट्टी बसवली होती. पट्टी लावून ठेवायची, एकेक काडतूस हाताने घालून मारायचं, आणि अगदी गळ्याशी आलं तरच मॅगझिन उघडायचं. गरज पडेल तेव्हाच कोठार उघडा, असा हा सावकारी हिशेब. महायुद्धात तो कुणाला परवडेना आणि पट्टी गेली.

या रायफलीचं मॅगझिन निघत असे, पण लढताना काढून दुसरं लावण्यासाठी ते नव्हतं. पाच-पाच काडतुसांची क्लिप वरून लावून दाबायची, अशी भरण्याची रीत. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असे. वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकली की खटका पुढे जाईना, म्हणून क्लिपमध्ये काडतुसं कशी रचायची याची घोकंपट्टी रंगरुटाकडून करून घेत.

नाव तेच राहूनही माप कसं बदलतं याचा दाखला १९१४ चा आहे. त्या वर्षी सप्टेंबरअखेरीपासून हिंदी पलटणी फ्रान्सला मार्सेलिस बंदरात उतरू लागल्या. त्यांच्या रायफली थ्री नॉट थ्रीच, तिथला दारूगोळाही थ्री नॉट थ्रीच. पण हिंदुस्थानात जुन्या, बोथट आणि जड गोळीचं काडतूस चालू होतं, आणि फ्रान्समध्ये नवं, टोकदार, हलक्या आणि वेगवान गोळीचं. हलकी गोळी हवेतून वेगळ्या वाटेने जाते, तेव्हा जुन्या रायफलीवरच्या नेमाच्या खुणा तिला लागू पडेनात. शेवटी बंदरावरच जुन्या रायफली जमा करून नव्या वाटल्या. ज्या रायफलीवर वर्षानुवर्षं हात बसला ती देऊन, नवी घेऊन, चार दिवसांत आघाडीवर जायचं! शिपायांना काय वाटलं असेल ते माजी सैनिक श्रोत्यांना मी सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मात्र थ्री नॉट थ्रीने एक फार मोठी सोय करून ठेवली होती. शिपायाची रायफल, तुकडीची ब्रेनगन आणि पलटणीची विकर्स मशिनगन, तिन्ही एकाच काडतुसावर चालत. महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर आडव्या-तिडव्या दोन विकर्स मशिनगन आपण पाहिल्या असतील. त्या मशिनगनच्या कापडी पट्ट्यात जे काडतूस, तेच साध्या शिपायाच्या क्लिपमध्ये. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून, जो १८६९ पासून चालू आहे, एक पेटी निघाली की ती तिघांनाही चाले. आणखी एक शहाणपणाची रीत होती. ब्रेनगनची मॅगझिनं एकट्या ब्रेनवाल्याकडे न ठेवता तुकडीतला प्रत्येक जण आपल्या पाऊचमध्ये दोन-दोन बाळगी. एक पडला तरी ब्रेनची शिदोरी संपत नसे.

पण त्याच तुकडीत एक हत्यार या घरोब्याबाहेरचं होतं. ते तुकडीच्या नाईकाचं, म्हणजे टॉमीगनचं. अमेरिकी बंदूक, जवळच्या माऱ्याला जबरदस्त, पण तिचं काडतूस ०.४५ इंचाचं, जाड आणि आखूड. मॅगझिन २० किंवा ३० गोळ्यांचं. ते संपलं की शेजाऱ्याच्या पाऊचकडे बघायची सोय नाही.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन शत्रूच्या मोर्चावर चालून गेला. यशवंत घाडगे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला. वय २२. अगदी जवळून मशिनगनचा मारा आला आणि त्याच्या तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला तो एकटा नाईक. त्याने मशिनगनवर धाव घेतली, बॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा दोघांनाही गप्प केलं, टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. अजून दोघे समोर होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. सन्मानपत्रात हे कारण स्पष्ट नोंदलेलं आहे. त्याने बंदूक नळीकडून धरली, तिचा सोटा केला आणि त्या दोघांना त्याने ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच तो गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवने तोच मान जिवंतपणी मिळवला. त्याच्याही हाती टॉमीगन होती. हाताला जखम होऊन ती चालेना तेव्हा त्याने ती टाकून दिली आणि पुढचं काम हातबॉम्बने केलं.

घाडग्यांची हकीकत शाळांतून सांगतात तेव्हा शौर्य सांगतात, आणि ते सांगावंच. पण मोठ्या मुलांच्या वर्गात गुरुजींनी त्या दोन-तीन सेकंदांवरही थांबावं. रिकामं मॅगझिन काढायचं, भरलेलं पाऊचमधून ओढायचं, खाचेत बसवायचं, खटका ओढायचा. सरावाच्या हाताला हे सगळं तीन-चार सेकंदांत जमतं. समोर शत्रू दोन हातांवर असेल तर तेवढेही मिळत नाहीत. रायफल चांगली की वाईट हे ठरवताना गोळी किती मैल जाते यापेक्षा हे तीन-चार सेकंद मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षं आपलं सैन्य थ्री नॉट थ्रीवरच राहिलं. १९६२ मध्ये चीनशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या शिपायांकडे आपोआप भरली जाणारी, चाप दाबला की पुढची गोळी तयार ठेवणारी रायफल होती. आपला जवान प्रत्येक गोळीनंतर खटका वर-मागे-पुढे-खाली करत होता. तेव्हापासून बोलण्याची एक तऱ्हाच पडली आहे, की थ्री नॉट थ्रीमुळे आपण हरलो. मला हे पटत नाही. ती रायफल बर्फात, चिखलात चालणारी आणि नेमाला पक्की होती. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे १३ कुमाऊँच्या जवानांनी तीच घेऊन अखेरपर्यंत ठाणं धरलं. कमी होती ती तिच्यामागची साखळी. नामका चू नदीच्या काठी आपले जवान उन्हाळी कपड्यांत, पाऊचमध्ये मावतील तेवढ्याच काडतुसांवर उभे होते. रस्ता नव्हता. विमानातून टाकलेल्या पेट्यांपैकी पुष्कळ दऱ्यांत गेल्या. तिथे त्या दिवशी जगातली सर्वांत नवी रायफल दिली असती तर ती मिनिटाला दुप्पट काडतुसं खाणारी, म्हणून अर्ध्या वेळात रिकामी झाली असती.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि साखळी दुरुस्त करण्याचं काम सुरू झालं. जळगाव जिल्ह्यात वरणगावचा काडतुसांचा कारखाना त्याच दशकातला. रायफलीच्या बाबतीत दोन वाटा एकदम धरल्या गेल्या, आणि दोन्हींचा पाया एकच होता, नवं काडतूस. जाडी ७.६२ मिलिमीटर, कवचाची लांबी ५१ मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेली कड नाही. नाटो राष्ट्रांनी ते १९५४ मध्ये आपलं केलं होतं. एक वाट अशी की जुन्या ली-एनफील्डचीच घडण ठेवून, पोलाद अधिक कणखर वापरून, तिला नव्या काडतुसाला योग्य करायचं. तीच ईशापूरची २ए१, चौकोनी तळाच्या १२ काडतुसांच्या मॅगझिनची. ही पोलिसांकडे आणि राखीव दलांकडे पुष्कळ वर्षं होती. दुसरी वाट बेल्जियमच्या नमुन्यावरून घेतलेल्या आपोआप भरणाऱ्या रायफलीची. तिला जवान एसएलआर म्हणतात. मॅगझिन २० काडतुसांचं, भरल्यावर वजन पाच किलोच्या आसपास. ब्रेनगनही याच काडतुसाची करून घेतली, म्हणजे एका पेटीवर सारं सैन्य चालवण्याची जुनी सोय पुन्हा आली.

या एसएलआरच्या मॅगझिनचीही एक मजेदार हकीकत आहे. बेल्जियमने आपली रायफल मिलिमीटरात आखली. ब्रिटनने ती घेताना सगळी मापं इंचात उतरवली. रायफल दिसायला तीच, काडतूस तेच, पण ब्रिटिश मॅगझिनच्या पुढल्या बाजूला मोठा दात, बेल्जियन मॅगझिनला छोटा. बेल्जियन मॅगझिन ब्रिटिश रायफलीत थोडं ढिलं का होईना बसतं, ब्रिटिश मॅगझिन बेल्जियन रायफलीत जातच नाही. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले तेव्हा दोन्हीकडे हीच रायफल होती, एकीकडे इंचाची आणि दुसरीकडे मिलिमीटरची. आपल्याकडेही असाच प्रकार. पाकिस्तानने जर्मन जी३ रायफल घेतली. तिचं काडतूस आपल्या एसएलआरचंच, ७.६२ बाय ५१. पण मॅगझिन निराळं. त्यांची काडतुसं हाती लागली तर आपली म्हणून चालतील, मात्र एकेक काढून आपल्या मॅगझिनमध्ये हाताने भरावी लागतील.

आकड्यांवर भुलू नये ते यासाठी. "७.६२" एवढंच ऐकून रायफली सारख्या समजू नयेत. रशियाच्या एके रायफलीचं काडतूसही ७.६२ च, पण कवच ३९ मिलिमीटर लांब. रशियन ड्रागुनोव्ह या नेमबाजाच्या रायफलीचं ७.६२ च, पण कवच ५४ मिलिमीटर आणि बुडाला जुन्या पद्धतीची कड. तिन्ही आपल्या सैन्यात आहेत, आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं का, असं मुलं विचारतात. तिचं काडतूस बुडाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळतं आहे. निमुळत्या वस्तू एकावर एक रचल्या की रास आपोआप वळते. केळ्याची फणी तशीच वळते.

१९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. झाडीत, दहा-वीस पावलांवर गाठ पडे. समोरच्याच्या हाती हलकी, ३० काडतुसांची एके, आपल्या हाती लांबलचक एसएलआर. या अनुभवानंतर आपण मोठ्या संख्येने एके घेतल्या, आणि आपली स्वतःची हलकी रायफल, इन्सास, १९९० च्या दशकाच्या अखेरीस जवानांच्या हाती येऊ लागली. तिचं काडतूस ५.५६ मिलिमीटरचं. एसएलआरचं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम, हे सुमारे १२. म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. डोंगर चढणाऱ्या माणसाला हा फरक पाठीवर कळतो. मॅगझिन प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं, आत किती उरली ते डोळ्यांनी बघता येईल असं. कल्पना उत्तम. पण १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत याच मॅगझिनांना तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. रायफलीवर जी टीका झाली तिच्यातला मोठा भाग या पेटीपायी होता. एवढ्याशा प्लॅस्टिकने एका रायफलीचं नाव घालवलं, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे घडलं ते आपण विसरलेलो नाही. हल्लेखोरांकडे एकेच्या जातीच्या रायफली आणि भरलेली कितीतरी मॅगझिनं. आपल्या पोलिसांपैकी पुष्कळांच्या हाती थ्री नॉट थ्री, काहींच्या हाती नुसती काठी. तेव्हा ती रायफल एकशेवीस वर्षांची झाली होती. तरीही तिच्यावर राग काढताना हे ध्यानात ठेवावं की सरावाला पुरेशी काडतुसं मिळत नाहीत अशी तक्रार पोलिसांचीच होती, आणि सरावाशिवाय कोणतीही रायफल हातात दिली तरी मॅगझिन बदलताना हात चाचपडणारच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

आज काय आहे? २०१९ मध्ये सैन्याने आघाडीच्या तुकड्यांसाठी ७२,४०० अमेरिकी सिग ७१६ रायफली मागवल्या. काडतूस जुन्या एसएलआरचंच, पण एसएलआरची मॅगझिनं तिला चालत नाहीत. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा येथे रशियाच्या साहाय्याने एके २०३ बनते, २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून अधिक. तिचं काडतूस ३९ मिलिमीटरचं. इन्सासचं ५.५६ आहेच. तेव्हा १९४४ मध्ये जिथे एक पेटी तीन हत्यारांना पुरे, तिथे आज साध्या पायदळाला तीन तऱ्हेची काडतुसं आणि निदान तीन तऱ्हेची मॅगझिनं पोचवावी लागतात. यात सगळाच तोटा आहे असं नाही. डोंगरावर लांब पल्ल्याची, झाडीत आखूड पल्ल्याची रायफल लागते, आणि एकाच मापाने दोन्ही साधत नाही. मात्र खेचरावर लादलेली पेटी चुकून दुसऱ्या ठाण्यावर गेली तर काय, याचा विचार ज्यांच्याकडे भांडाराचं काम आहे त्यांना रोज करावा लागतो.

२०२१ मध्ये सरकारी दारूगोळा कारखान्यांची फेररचना झाली. खडकी आणि वरणगाव हे दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहेत आणि कंपनीचं मुख्य ठाणं पुण्यातच आहे. पुढच्या वेळी गावचा जवान सुटीवर आला तर रायफल चांगली का वाईट हे विचारण्याआधी मुलांनी त्याला विचारून पाहावं, की मॅगझिन बदलायला त्याला किती सेकंद लागतात, आणि त्याच्या काडतुसाच्या बुडावर कोणती अक्षरं असतात. खडकीच्या काडतुसावर के आणि एफ ही अक्षरं ठोकलेली असतात, वरणगावच्यावर ओ, एफ आणि व्ही, आणि त्यांच्याजवळच ते बनल्याचं वर्षही.